पहिला हुकूम कुणाचा? एक पेनड्राईव्ह आणि शाळेतले बंद संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला. त्या दिवशी आपल्या धाराशिव जिल्ह्यात काहीच घडलं नाही. भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत जी मशीनं आदल्या दिवशी सुरू होत होती, ती दुसऱ्या दिवशीही झाली. सुरक्षेचे नेहमीचे अपडेट तेवढे थांबले, आणि घरगुती वापरकर्त्यांना काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. पण तेव्हापासून ओळखीच्या शिक्षकांचे फोन वाढलेत. प्रश्न एकच: "मशीन विंडोज ११ घेत नाही म्हणतंय. आता निर्लेखनात टाकायचं का?"

ज्यांनी शाळेत नोकरी केली त्यांना हा शब्द चांगला माहीत आहे. वस्तू निकामी झाली असं कागदोपत्री ठरवायचं, डेडस्टॉक रजिस्टरमधून तिची नोंद कमी करायची आणि तिला भंगाराच्या वाटेला लावायचं. खुर्चीचा पाय मोडला तर ती निकामी आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं. संगणकाचं तसं नाही. तिथं "निकामी" म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला एक साधी तपासणी लागते आणि ती चारपाचशे रुपयांच्या पेनड्राईव्हवर होते. एकाच पेनड्राईव्हवर चार-पाच ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायच्या, मशीन त्यावरून सुरू करायचं आणि बघायचं. ही युक्ती नवी नाही. तिच्यामागे चाळीसएक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या शाळांचाही धडा आहे. तो सांगतो.

आधी "बूट" म्हणजे काय ते बघू. इंग्रजीत स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलण्याची कल्पना आहे, त्यावरून हा शब्द आला. आपल्याकडं कॉम्प्युटर क्लास सुरू झाले तेव्हा चपला-बूट दाराबाहेर काढूनच आत जावं लागायचं, आणि आत गेल्यावर पहिला शब्द शिकवायचे तो "बूट". हसू यायचं, पण अडचण खरी होती. वीज आली तेव्हा मशीनच्या मेमरीत काहीच नसतं. प्रोग्रॅम वाचायचा तर वाचणारा प्रोग्रॅम आधी हवा. तो आणायचा कुठून?

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला तेव्हा याचं उत्तर बोर्डावरच्या एका चिपमध्ये होतं. तिच्यातला बायोस हा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, कीबोर्ड-मेमरी तपासतो आणि आधी फ्लॉपीकडं बघतो. पुढं हार्डडिस्क आल्यावर, फ्लॉपी नसेल तर तो हार्डडिस्ककडं बघू लागला. १९८३ च्या डॉस २.० पासून हार्डडिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सुरुवातीचा हुकूम लिहायची पद्धत पडली. त्यातले ६४ बाइट डिस्कचे भाग कसे पाडलेत त्याच्या तक्त्याला, २ बाइट ओळखखुणेला, आणि प्रोग्रॅमसाठी उरले ४४६. आजच्या युनिकोड पद्धतीनं मराठीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे ४४६ बाइटांत दीडशे चिन्हंसुद्धा बसत नाहीत. रजेचा अर्जदेखील त्याहून लांब असतो! एवढ्याशा जागेत बसणारा प्रोग्रॅम फार काही करू शकत नाही. तो फक्त पुढच्या मोठ्या प्रोग्रॅमला हाक मारतो. पण मशीनवर कोण चालणार हे त्या हाकेवर ठरतं. पहिला हुकूम ज्याचा, मशीन त्याचं.

विंडोज बसवलं की ते ही जागा स्वतःकडं घेतं. म्हणून एका मशीनवर दोन सिस्टिम ठेवणाऱ्यांना आधी विंडोज आणि मग दुसरी, असा क्रम पाळावा लागायचा. त्यांच्या मदतीला लिलो आणि ग्रब असे बूटलोडर आले. ग्रबचं काम १९९५ मध्ये सुरू झालं, पुढं तो ग्नू प्रकल्पाचा भाग झाला. हुकूम देण्याऐवजी तो विचारायचा. पडद्यावर यादी यायची, बाण वर-खाली करायचा आणि एंटर दाबायचं. ज्यानं आयुष्यात एकच निळा पडदा बघितला होता त्याला ही यादी बघून पहिल्यांदा कळायचं, की इथं निवडायला वाव आहे.

त्याच १९९५ मध्ये सीडीवरून मशीन सुरू करण्याची "एल टोरिटो" ही पद्धत ठरली. २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी "नॉपिक्स" काढलं. पूर्ण लिनक्स एका सीडीवर, हार्डडिस्कला हात न लावता चालणारं. सीडी काढली की मशीन होतं तसं. आपल्याकडं पीसीक्वेस्ट मासिक १९९० च्या दशकापासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी द्यायचं. पुढं उबुंटूवाले २०११ पर्यंत मागेल त्याला घरपोच सीडी पाठवायचे, टपालखर्चसुद्धा न घेता. इंटरनेट कॅफेत तासाला पैसे मोजून सातशे एमबी उतरवणं ज्या काळात शक्यच नव्हतं, त्या काळात खेड्यातल्या पोराच्या हातात नवी सिस्टिम पोस्टमननं आणून दिली, हे विसरू नये.

दुकानांतला इतिहास मात्र वेगळा चालला होता. तालुक्याच्या गावात संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडं सीडींचा एक चेनवाला पाऊच असायचा. त्यात एक्सपी, ड्रायव्हर, अँटिव्हायरस आणि हमखास "हिरेन्स बूट सीडी". बंद पडलेल्या मशीनमधून फाईली काढायला, विसरलेला पासवर्ड उडवायला, डिस्क तपासायला तिच्यासारखं हत्यार नव्हतं. त्यातली बरीच साधनं परवान्याशिवाय घातलेली होती, आणि आपल्याकडं बसवलं जाणारं विंडोजही बहुधा तसंच. गिऱ्हाईकानं "विंडोज टाकून द्या" म्हणायचं, दुकानदारानं तीनशे-चारशे घ्यायचे, परवान्याचा विषय दोघांनीही काढायचा नाही. त्या पोरांना कुणी नावं ठेवू नयेत. सोलापूर-लातूरला सुट्या भागांसाठी एसटीनं हेलपाटे मारत त्यांनीच या जिल्ह्यातली मशीनं जिवंत ठेवली. पण एक झालं. पाऊच त्यांच्याकडं राहिला आणि मशीनच्या मालकाला आपलं मशीन सुरू करणं कधी आलंच नाही.

शाळांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची "आयसीटी ॲट स्कूल्स" योजना आली. महाराष्ट्रात ती ज्या तत्त्वावर राबवली गेली त्याचं संक्षिप्त नावही, योगायोग बघा, "बूट" होतं. बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतरित करा. कंपनीनं संगणक कक्ष उभा करायचा, ५ वर्षं चालवायचा आणि मग शाळेच्या हवाली करायचा. सोबत कंत्राटी संगणक निदेशक. कंत्राट संपलं की मशीनं शाळेची झाली आणि निदेशक घरी गेले. त्यांच्या आंदोलनांच्या बातम्या अनेकांना आठवत असतील. हस्तांतर झालं ते लोखंडाचं आणि प्लास्टिकचं. मशीन कसं उघडायचं, पुन्हा कसं बसवायचं, ही विद्या ज्याच्याकडं होती त्याला आपण जाऊ दिलं.

त्याच दरम्यान २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, २००२ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि लाखो मराठी माणसांनी माऊस पहिल्यांदा तिथं धरला. हे काम लहान नाही. पण तिथंही बरीच वर्षं संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस, एवढीच ओळख होत राहिली. गाडी शिकवताना एकाच कंपनीची गाडी शिकवावी आणि बोनट कधी उघडूच नये, तसं.

दुसरा रस्ता नव्हता का? होता. २०१२ च्या शालेय शिक्षणातील राष्ट्रीय आयसीटी धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला, ऑपरेटिंग सिस्टिमसकट, प्राधान्य द्यावं असं स्पष्ट म्हटलंय. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारनं स्वतःच्या कारभारासाठीही मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलं. केरळनं तर सरकारी शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवली, शिक्षकांना ती शिकवली आणि वर्षानुवर्षं चालवून दाखवली. भाषेची अडचण म्हणावी, तर फेडोरा लिनक्सचं मराठी भाषांतर आणि देवनागरीसाठीचा "लोहित" हा मुक्त फाँट, ही कामं रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींकडून झाली आहेत. आयआयटी मुंबईच्या "स्पोकन ट्युटोरियल" प्रकल्पानं लिनक्सचे आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही दिलेत.

आणि रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं खैराट-धनगरवाडा घ्या. २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी शाळेत वीस-पंचवीस मुलांच्या हातात "एक मूल, एक लॅपटॉप" प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. देशातला तो पहिला प्रयोग. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास खात्यानं या प्रकल्पाला नकार दिला होता. त्या लॅपटॉपवर विंडोज नव्हतं, लिनक्सवर बांधलेलं "शुगर" होतं. लॅपटॉपचा तो जागतिक प्रकल्प पुढं मंदावला. पण शुगर बनवणाऱ्यांनी जून २००९ मध्ये "शुगर ऑन अ स्टिक" काढलं: पूर्ण सिस्टिम पेनड्राईव्हवर. मुलानं पेनड्राईव्ह खिशात ठेवायचा, समोर असेल त्या मशीनला लावायचा, आणि आपली चित्रं, आपले प्रयोग जिथं सोडले तिथून पुढं सुरू. मशीन शाळेचं, पण त्यातलं दप्तर मुलाचं. कल्पना म्हणून आजही मला यासारखी दुसरी दिसत नाही.

पेनड्राईव्ह स्वतः तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. २००० च्या सुमारास सिंगापूरची ट्रेक आणि इस्राएलची एम-सिस्टिम्स यांनी तो बाजारात आणला. आयबीएमनं विकलेल्या सुरुवातीच्या पेनड्राईव्हची क्षमता ८ एमबी होती. ज्या यूएसबीत तो घालायचा तिच्या निर्मात्यांत अजय भट्ट हे बडोद्यात शिकलेले इंजिनिअर होते. क्षमता वाढत गेली तशी सीडीचा पाऊच संपून किल्लीच्या जुडग्यात पेनड्राईव्ह आला. २०११ मध्ये आलेल्या रूफसनं बूट होणारा पेनड्राईव्ह बनवणं सोपं केलं, पण एका पेनड्राईव्हवर एकच सिस्टिम. यूमीसारख्या साधनांनी अनेक सिस्टिम एकत्र ठेवल्या, पण कुठली ना कुठली रुसायचीच. २०२० मध्ये व्हेंटॉय आलं आणि ही कटकट बरीचशी संपली.

ते चालतं कसं हे थोडक्यात सांगतो, कारण इथं जादू काही नाही. व्हेंटॉय पेनड्राईव्हचे दोन भाग करतं. मोठा भाग आपल्या फाईलींसाठी आणि ३२ एमबीचा छोटा भाग त्याच्या स्वतःच्या बूटलोडरसाठी. प्रत्येक सिस्टिमची आयएसओ फाईल, म्हणजे तिच्या सीडीची हुबेहूब एकसंध प्रत, मोठ्या भागात नुसती कॉपी करायची. मशीन सुरू करताना एफ १२ किंवा कंपनीनं ठरवलेलं बटण दाबून पेनड्राईव्ह निवडला, की सापडलेल्या सगळ्या फाईलींची यादी पडद्यावर येते. आपण निवडू ती फाईल तो मशीनला खरीखुरी डिस्क असल्यासारखी दाखवतो. मोठ्या भागाला एक्सफॅट पद्धत वापरलेली असते, कारण जुन्या फॅट ३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाही आणि विंडोजची फाईल त्याहून मोठी असते.

मी शाळांसाठी जो ३२ जीबीचा पेनड्राईव्ह बनवतो त्यात काय असतं? मेमरी तपासायला मेमटेस्ट. दोन जीबी रॅमच्या थकलेल्या मशीनसाठी अँटिएक्ससारखं हलकं लिनक्स. त्यातही ३२ बिटची आवृत्ती ठेवतो, कारण उबुंटूनं ती केव्हाच सोडली आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ पासून तिथंही ३२ बिटचा इन्स्टॉलर मिळत नाही. चार जीबी आणि त्यापुढच्यासाठी लिनक्स मिंट. शिवाय ज्या मशीनचा विंडोजचा परवाना खरा आहे, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली विंडोजची फाईल. एवढ्यात निम्मी जागा उरते.

काही सावधगिऱ्या. तयार करताना पेनड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लिनक्स "ट्राय" म्हणून चालवलं तर हार्डडिस्कला धक्का लागत नाही, पण "इन्स्टॉल" दाबण्याआधी दोनदा वाचा. अलीकडच्या लॅपटॉपवर बिटलॉकर असेल तर बूटच्या सेटिंगला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. फाईल मूळ साइटवरूनच घ्या आणि तिथं दिलेला शा-२५६ आकडा जुळवून बघा. आणि व्हेंटॉयबद्दलही एक रास्त तक्रार आहे: त्यातले काही तयार तुकडे कसे बनवले हे बाहेरच्या माणसाला पुरतं पडताळता येत नाही, असं जाणकार म्हणतात. ज्याला ते खटकतं त्यानं ग्रबवर स्वतःचा पेनड्राईव्ह बनवावा. मेहनत जास्त आहे, पण जमतं.

आता पहिल्या हुकुमाचा पुढचा अध्याय. बायोसची जागा यूईएफआयनं घेतली आणि २०१२ च्या विंडोज ८ सोबत "सिक्युअर बूट" घरोघरी आलं. ओळखीची सही असलेलाच बूटलोडर सुरू होईल, असा तो पहारा. चोरट्या प्रोग्रॅमपासून बचाव म्हणून कल्पना चांगली. पण बहुतेक मशीनांत जी चावी आधीच बसवून येते ती मायक्रोसॉफ्टची, त्यामुळं लिनक्सवाल्यांनाही आपल्या छोट्या प्रोग्रॅमवर त्यांचीच सही घ्यावी लागते. त्यातली २०११ ची जुनी प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात, हेही ध्यानात ठेवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. २०१५-१६ ची धडधाकट मशीनं त्या दारात अडतात. त्यांच्या प्रोसेसरला, मेमरीला, पडद्याला काही झालेलं नसतं. एक्सपीच्या वेळी ८ एप्रिल २०१४ ला हेच झालं, विंडोज ७ च्या वेळी १४ जानेवारी २०२० ला हेच. दर वेळी मुदत कंपनीची, आणि डेडस्टॉक रजिस्टर आपलं.

मराठवाड्यातल्या माणसाला यातला धोका वेगळा समजावून सांगायची गरज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातली दप्तरं उघडली. कागद होते. वाचणारे नव्हते. उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं शोधून आणावी लागली. आज शाळा-ग्रामपंचायतींतल्या बंद सीपीयूंमध्येही तशीच दप्तरं पडली आहेत. जुन्या एक्सपीवर, जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली पत्रं, याद्या, ठराव, गॅदरिंगचे फोटो. एका शाळेत मी असं मशीन पेनड्राईव्हवरून सुरू केलं. त्यातलं विंडोज कधीच मेलं होतं, पण डिस्क वाचता येत होती. आत पंधरा वर्षांमागच्या मुलांचे फोटो होते. सीपीयूवर पांढऱ्या रंगात "उस्मानाबाद" लिहिलेलं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण त्या डब्यातल्या आठवणी कुणी बाहेर काढल्या नव्हत्या. तो डबा तसाच भंगारात गेला असता तर फोटो गेलेच असते, शिवाय मुलांची नावं-पत्ते कुणाच्याही हाती लागले असते.

पेनड्राईव्ह सगळ्यावर औषध आहे असं माझं म्हणणं नाही. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर अडू शकतं. मराठी टायपिंगची काही जुनी पॅकेजं फक्त विंडोजवर चालतात. कार्यालयीन कामाचं एखादं मशीन विंडोज ११ वर न्यावंच लागेल, त्यासाठी तरतूद हवी. पण यूडायससारखी बहुतेक कामं आता ब्राउझरमध्ये होतात, आणि पोरांना टायपिंग, चित्र, गणित, प्रोग्रॅमिंग शिकायला जुनं मशीन आणि लिनक्स पुरून उरतं.

केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जे चार जिल्हे घेतले गेले, त्यात आपला एक. नव्या मशीनांसाठी पैसे मागायचा आपला हक्क आहेच, तो सोडू नये. पण आहे ते न तपासता टाकून देणं आपल्याला परवडत नाही. म्हणून जिल्हा परिषदेकडं, पंचायत समित्यांकडं आणि संस्थाचालकांकडं माझी मागणी साधी आहे.

एक, संगणकाच्या निर्लेखनाच्या प्रस्तावाला तपासणीचा एक कागद जोडणं सक्तीचं करा: पेनड्राईव्हवरून सुरू झालं का, मेमरी ठीक आहे का, डिस्क वाचली जाते का. मशीनमागे तासाभराचं काम आहे.

दोन, डिस्कमधल्या फाईली काढून आणि डिस्क नीट पुसूनच मशीन बाहेर जाऊ द्या. आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडंच जावं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले ई-कचऱ्याचे नियम तेच सांगतात.

तीन, प्रत्येक केंद्रात किमान एका शिक्षकाला आणि दोन मोठ्या विद्यार्थ्यांना हा पेनड्राईव्ह बनवायला शिकवा. आपल्या आठही तालुक्यांत आयटीआयची, कॉलेजची हुशार पोरं आहेत, आणि दुरुस्तीची दुकानं चालवणारे अनुभवी लोक आहेत. त्यांना मानधन देऊन बोलवा. त्यांच्याकडच्या पाऊचमधली विद्या एकदाची शाळेत येऊ द्या.

तुमच्या शाळेत खोली कुलूपबंद असेल तर किल्ली कुणाकडं आहे ते उद्या विचारा. रविवारचा दिवस मला चालतो. पेनड्राईव्ह मी घेऊन येतो, तुम्ही फक्त धूळ झटकायला फडकं आणि चालू असलेला एक प्लग पॉइंट बघून ठेवा.